शेठ जमनालालजी बजाज : एका गृहस्थाचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा सभा, अधिवेशने व तुरुंगवास यांच्या हकिकतींवरून वाचतो. परंतु मनुष्याच्या शीलाची खरी पारख त्याच्या घरी होते. दत्तविधान, विवाह, देवदर्शन, अंत्यविधी हे प्रसंग प्रत्येक कुटुंबात येतात. त्या प्रसंगी मनुष्य पैसा कोठे खर्चितो, कोणास दाराशी थांबवितो आणि कोणास आत बोलावितो, यावरून तो कोण आहे हे कळून येते. वर्धा हे नाव ज्यांच्या प्रयत्नांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले, त्या शेठ जमनालालजी बजाज यांचे चरित्र आम्ही याच दृष्टीने आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवीत आहोत.

वर्धा शहर फार प्राचीन नव्हे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून काही मुलूख वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. जिल्ह्याचे ठाणे प्रथम पुलगावनजीकच्या कवठा या गावी होते. पुढे १८६६ साली पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आखणी करून नवे शहर वसविण्यात आले. लवकरच आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि दूर मारवाडातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या येथे भरभराटीस आल्या. शेठ बच्छराज हे त्यांपैकीच एक धनाढ्य गृहस्थ होत. घरी लक्ष्मी होती, परंतु पुत्र निवर्तला असल्यामुळे वंश पुढे चालविण्यास कोणी नव्हते.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वडिलांचे नाव कनीराम व आईचे बिरदीबाई. घरची स्थिती साधारण शेतकऱ्याची होती. बच्छराज शेठ आपल्या पत्नीसह त्या भागात गेले असता अंगणात खेळणारे हे चपळ बालक त्यांच्या दृष्टीस पडले, आणि नातू म्हणून त्यास दत्तक घेण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली. पोटचे मूल देणे कोणत्या आईस सोपे असते? बोलता बोलता शब्द गेला आणि आई त्यास बांधली गेली, असे सांगतात. त्या बदल्यात आईबापांनी स्वतःकरिता द्रव्य घेतले नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून बच्छराज शेठांनी तेथे एक विहीर बांधून दिली. एका मुलाच्या वियोगाने सगळ्या गावास पाणी मिळाले. वाचकांनी ही विहीर ध्यानात ठेवावी. या घराण्याच्या कथेत पाणी पुन्हा येणार आहे.

पाच वर्षांच्या आतबाहेरचा हा बालक वर्ध्यास आला. शाळेतील शिक्षण थोडक्याच इयत्तांचे झाले. परंतु देशाच्या वार्तांकडे त्याचे लक्ष असे. नागपुराहून हिंदी केसरी निघणार, असे कळताच रोज मिळणाऱ्या एका रुपयाच्या खाऊतून साठविलेले शंभर रुपये त्याने त्या कार्यास पाठविले. पुढे जमनालालजींच्या हातून लक्षावधी रुपयांचा दानधर्म झाला. तथापि या पहिल्या शंभर रुपयांचा आनंद त्या सर्वांहून मोठा होता, असे ते सांगत असत. ज्या विद्यार्थ्यास रोज खाऊचे चार पैसे मिळतात, त्याने या गोष्टीचा विचार करावा.

१९०२ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह जावरा येथील जानकीदेवी यांच्याशी झाला. वधू अवघी नऊ वर्षांची होती. त्या काळची रूढीच तशी होती. ती आज गेली याबद्दल आपण संतोष मानला पाहिजे.

सतराव्या वर्षी घरात एक मोठाच प्रसंग उद्भवला. एका लग्नसमारंभास जावयाचे होते. घराण्याच्या इभ्रतीस शोभतील असे दागिने नातवाने अंगावर घालावेत, असा आजोबांचा आग्रह, आणि अंगावर संपत्तीचे प्रदर्शन करणे नातवास नापसंत. शब्दाने शब्द वाढला. संतापाच्या भरात आजोबांनी दिलेल्या पैशाची आठवण करून दिली. नातवाने उलट उत्तर केले नाही. त्याने शांतपणे एक पत्र लिहिले, बच्छराज शेठांच्या सर्व मिळकतीवरील आपला हक्क सोडला, त्यांजविषयी मनात राग नाही हेही नम्रपणे कळविले, आणि अंगावरील वस्त्रांनिशी घर सोडले. आजोबांस आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला. शोध घेऊन, मिनतवारीने, मुलास परत आणण्यात आले. लवकरच बच्छराज शेठ वारले आणि ज्या धनावर पाणी सोडले होते तेच धन जमनालालजींच्या हाती आले. परंतु एकदा मनाने सोडलेली वस्तू पुन्हा आपली म्हणावयाची कशी? म्हणून आपण या संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहो, ही भावना त्यांनी जन्मभर जागी ठेविली.

व्यापार त्यांनी सोडला नाही. तो त्यांनी वाढविला. मात्र त्याचे फळ शहरास मिळू लागले. विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह निघाले, आणि श्रीकृष्णदास जाजू यांच्या सहकार्याने १९१४ साली मारवाडी शिक्षा मंडळ स्थापन झाले. नावात मारवाडी हा शब्द होता, तरी पुढे तो गळाला व शिक्षा मंडळ सर्वांचे झाले. सरकारनेही त्यांस रायबहादुर ही पदवी दिली होती. १९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी महात्मा गांधींपाशी एक विलक्षण मागणे मागितले. गांधीजींस चार पुत्र होते. आपणांस पाचवा पुत्र मानावे, एवढीच ती याचना. लहानपणी मोठ्यांच्या इच्छेने जो दत्तक गेला, त्याने प्रौढपणी स्वतःच्या इच्छेने दुसरा पिता वरिला. पुढच्याच वर्षी त्यांनी रायबहादुरकी परत केली. त्यांच्याच विनंतीवरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आश्रम चालविण्यासाठी आले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालालजींस तुरुंगवास घडला.

येथे जानकीदेवींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पतीने व्रत घ्यावे आणि त्याचा भार पत्नीने वाहावा, असे पुष्कळ थोर घरांत घडते, व चरित्रकार ते सांगण्यास विसरतात. ज्या स्त्रीस लहानपणापासून पडद्यात राहण्याची व सोन्याने मढण्याची सवय लाविली होती, तिने सोने उतरविले, पडदा टाकला, उंची विलायती वस्त्रांची होळी केली, जाडीभरडी खादी नेसली आणि पुढे सभांतून भाषणेही केली. कुटुंबातील सुधारणा एकट्या पुरुषाच्या उत्साहाने होत नसते. तिचे अर्धे मोल गृहिणी देते.

कन्या कमला हिचा विवाह ठरला तेव्हा सगळ्या समाजाचे डोळे या घराकडे लागले असतील. मारवाडी शेठजींच्या घरचे थोरल्या मुलीचे लग्न म्हणजे वाजंत्री, रोषणाई, पंक्तींवर पंक्ती आणि दिवसेंदिवस चाललेला थाट, ही त्या काळची रीत. १९२६ साली कमलेचा विवाह रामेश्वरप्रसाद नेवटिया यांच्याशी साबरमतीच्या आश्रमात झाला. धर्मविधी तेवढे झाले. थाट नाही, जेवणावळी नाहीत. जो गृहस्थ हजारो रुपये सहज उधळू शकला असता, त्याने हात आवरला. आमच्या मते यातच त्या कृतीचे मोल आहे. ज्याजवळ नाही त्याने खर्च न करणे ही निरुपायाची गोष्ट. ज्याजवळ आहे त्याने न करणे, ही गरिबाची सुटका होय. कारण श्रीमंताच्या मांडवाकडे पाहूनच गरीब आपला मांडव घालतो आणि त्यापायी कर्जात बुडतो.

विवाह हा घरचा प्रश्न होता. देवळाचा प्रश्न साऱ्या गावाचा होता. बच्छराज शेठांनी वर्ध्यास लक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर बांधिले होते. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मात्र त्याच्या पायरीवरही थारा नव्हता. १९२८ च्या जुलै महिन्यात जमनालालजींनी या मंदिराची दारे सर्वांस खुली केली. सनातनी मंडळींचा रोष झाला. जातभाईंनी नाके मुरडली. परंतु ते डगमगले नाहीत. आपल्या शेतांतील व बागांतील विहिरीही त्यांनी सर्वांस मोकळ्या करून दिल्या. देशातील इतकी प्रसिद्ध मंदिरे त्या काळी बंद असता, आमच्या या लहानशा शहरातील मंदिर उघडले, याचा अभिमान प्रत्येक वर्धेकराने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, बाळगावा. आम्ही ख्रिस्ती शिक्षक आहो. देवाच्या घराचे दार कोणासही बंद असू नये, हे आम्ही मुलांस नित्य शिकवितो. ते स्वतःच्या कुळाच्या मंदिरात करून दाखविणे किती कठीण असते, हे या गृहस्थाने आपल्या करणीने शिकविले.

गांधीजींनी वर्ध्यास येऊन राहावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. तो अखेर फळास आला. आपली बाग व त्यातील घर त्यांनी ग्रामोद्योग संघाच्या कार्यासाठी देऊन टाकिले. तीच मगनवाडी. १९३६ साली गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्या गावची मालगुजारी जमनालालजींकडे होती. पुढे त्याच गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशा पाळणे असे उद्योग चालू झाले, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. राजेरजवाड्यांची शस्त्रे ठेवणारी संग्रहालये पुष्कळ आहेत. येथे मात्र चरखे व कारागिरांच्या हातच्या वस्तू मानाने मांडिल्या गेल्या. ज्या कलांस लोक कला म्हणावयास तयार नव्हते, त्यांस वर्ध्याने घर दिले. या कार्यात जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी आपले आयुष्य वेचिले, व १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली तिच्या पुढील कार्यात सिंहलद्वीपाहून आलेले आर्यनायकम् अग्रभागी होते. हे दोघेही ख्रिस्ती होते. जमनालालजींच्या अतिथिगृहात धर्म वा प्रांत विचारला जात नसे.

१९४१ साली पुन्हा कारावास घडला, प्रकृती ढासळली. सुटून आल्यावर त्यांनी गोसेवेचे कार्य हाती घेतले आणि बंगला सोडून शहरालगतच्या गोपुरी येथे साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांस एकाएकी मरण आले. वय अवघे बावन्न वर्षांचे होते. अंत्यविधी गोपुरीसच झाला. शोकाच्या त्या घडीस जानकीदेवींनी आपली संपत्ती पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या कार्यास वाहिली. पुढे भूदानाच्या काळात त्यांनी खेड्यापाड्यांत विहिरी व्हाव्यात म्हणून कूपदानाचे कार्य केले. भारत सरकारने १९५६ साली त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविले. १९७९ साली त्या निवर्तल्या. मारवाडच्या एका खेड्यात मुलाच्या बदल्यात जी विहीर बांधली गेली, तिचे पाणी असे दूरवर पोहोचले.

जमनालालजींच्या नावाने आज पुष्कळ संस्था व पारितोषिके आहेत. परंतु पुतळे आणि पाट्या पाहून त्यांची ओळख होणार नाही. पालकहो, कापूस विकून हाती चार पैसे येतात आणि लगोलग लग्नसराई सुरू होते. शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करावयाचे, नाही तर लोक काय म्हणतील, या भयाने कित्येक घरांची वर्षभराची मेहनत दोन दिवसांत संपते, आणि पुढच्या जून महिन्यात मुलाच्या फीसाठी व पुस्तकांसाठी हात आखडतो. आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो. लोक काय म्हणतील या भयास जो सतराव्या वर्षी भ्याला नाही व आपल्या लेकीच्या मांडवातही भ्याला नाही, तो गृहस्थ आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही फार धन मिळवाल की थोडे, हे कोणी सांगावे? परंतु तुमच्या घरीही मंगल प्रसंग येतील. त्या दिवशी दाराबाहेर कोण उभा आहे, इकडे एकदा पाहा, आणि त्यास आत बोलवा.