गिचिन फुनाकोशी : रिकाम्या हातांचा शिक्षक

कराटेच्या वर्गात शिरताना आणि निघताना वाकून अभिवादन करायला शिकवतात. ही नुसती शिस्त नाही. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांच्या वीस तत्त्वांपैकी पहिले तत्त्व आदराचे आहे. आणि दुसरे, पहिला वार न करण्याचे.

फुनाकोशींचा जन्म १८६८ चा, ओकिनावा बेटावरील शुरी येथला. लहानपणी ते अशक्त होते. पुढे दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री आंको आझातो व आंको इतोसू या गुरूंकडे शिकायचे. एकच काता महिनोन्महिने करावा लागे. तरुणपणी एका रात्री दोन गुंडांनी त्यांना अडवले. पूर्वजांच्या पूजेसाठी नेत असलेला खाऊ फुनाकोशींनी त्यांना देऊन टाकला आणि ते निघून गेले. हे ऐकून दोन्ही गुरूंना समाधान वाटले. शिष्य खऱ्या अर्थाने शिकला होता.

१९२२ साली, पन्नाशी उलटल्यावर, ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी पहारा दिला, खोल्या झाडल्या आणि तिथेच कराटेचे वर्ग घेतले. श्रमाची लाज त्यांनी बाळगली नाही.

कराटेतील ‘कारा’ हे पूर्वी चीन या अर्थाच्या अक्षराने लिहीत. फुनाकोशींनी त्याऐवजी ‘रिकामे’ या अर्थाचे अक्षर रूढ केले. चिनी खूण पुसणे त्या काळच्या जपानी राष्ट्रवादाला सोयीचेही होते, हे विसरू नये. पण त्यांनी दिलेला अर्थ अधिक खोल होता. प्रज्ञापारमिताहृदयसूत्राच्या जपानी पाठात शून्यतेसाठी हेच अक्षर येते. हात शस्त्राविना रिकामा असावा, तसे मन स्वार्थ आणि दुष्ट विचारांपासून रिकामे असावे, असे ते सांगत.

१९४५ साली बॉम्बहल्ल्यात त्यांचा दोजो नष्ट झाला. त्याच वर्षी मुलगा गेला. युद्धानंतर, ऐंशीच्या आसपास असताना, रात्री एका लुटारूने त्यांना गाठले. फुनाकोशींनी त्याला जेरबंद करून पोलिसाच्या हवाली केले. यात त्यांना अभिमान वाटला नाही. आपण शिष्यांना जे करू नका म्हणतो तेच केले, याची त्यांना खंत वाटली. तो माणूस बहुधा युद्धावरून परतलेला बेकार सैनिक असावा, असे त्यांना वाटले.

१९५७ साली त्यांचे निधन झाले. कामाकुरा येथील एंगाकुजी या झेन विहारात त्यांचे स्मारक आहे. त्यावर कोरलेले आहे तेच दुसरे तत्त्व.

अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या तरुणांना ताकद हवीच. स्वसंरक्षण शिकायलाच हवे, मुलींनी तर नक्कीच. पण राग आला त्या क्षणी हात कोणाच्या ताब्यात असतो, आपल्या की रागाच्या? पंचशीलाची खरी परीक्षा तिथेच होते. जिंकल्यानंतरही स्वतःला तपासणारा तो म्हातारा शिक्षक म्हणूनच लक्षात ठेवावासा वाटतो.