नशा सुटते, उदासी उरते: डॉ. अनिता अवचट यांचं काम
१९८० च्या दशकात गर्दने पुण्यातली तरुण पोरं उद्ध्वस्त होत होती. येरवडा मनोरुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी पती अनिल अवचट आणि पु. ल. देशपांडे यांच्या साथीने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभं केलं.

गर्द सोडल्यावरची अंगदुखी, उलट्या बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतात. उदासी, निद्रानाश मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. पाय घसरतो तो तिथेच. नैराश्य टिकलं तर डॉक्टर त्यावरची गोळी देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, पण तिची नशा चढत नाही.

नुसत्या गोळीवर मात्र भागत नाही. मुक्तांगणात समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावाही असतो. व्यसनातून सुटलेलेच तिथे कार्यकर्ते झाले, ही अनिताताईंची खरी कमाई.

१९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्र पुढे चालवलं.