संत नरहरी सोनार

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील अनेक कुटुंबांत बिदरी कामाची एखादी सुरई वा डबी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली आढळते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, त्यावर नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवावयाची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर कालवून तो लेप भांड्यास चोळावयाचा, अशी ती रीत. त्या लेपाने भांडे काळेभोर होते. चांदी मात्र आपले तेज सोडीत नाही. बहामनी काळापासून आपल्याकडे नांदत असलेल्या या कलेकडे पाहिले, म्हणजे तिच्याही पूर्वी चंद्रभागेच्या तीरी सोन्यारुप्याचे काम करता करता परमार्थ साधणाऱ्या एका कारागिराचे आम्हास स्मरण होते. ते कारागीर म्हणजे संत नरहरी सोनार.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नरहरी पंढरपुरात आपला पिढीजात व्यवसाय करीत होते. ज्ञानेश्वर, नामदेव, अरणचे सावता माळी, तेरचे गोरा कुंभार हे त्यांचे समकालीन. त्यांची हातोटी अशी की, मौल्यवान अलंकार घडवून घ्यावयाचा तर लोकांनी त्यांच्याच दुकानी यावे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असा हा सूक्ष्म हिशेब. एका गुंजेची चूक झाली तरी नाव जावयाचे. सोनाराकडे संशयाने पाहण्याची जगाची रीत जुनीच आहे. अशा धंद्यात त्यांनी विश्वास मिळविला होता.

घराणे कट्टर शिवोपासक. मल्लिकार्जुनाची पूजा झाल्यावाचून नरहरी कामास हात लावीत नसत. परंतु शिवावरील या निष्ठेपायी त्यांनी विठ्ठलाकडे पाठ फिरविली होती. साऱ्या देशातून लोक ज्याच्या दर्शनास येत, त्याच्या मंदिराकडे या पंढरपूरकराची दृष्टीही वळत नसे.

पुढील कथा परंपरेने सांगितली जाते. महिपतींनी अठराव्या शतकात आपल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ती वर्णिली आहे. एका सावकाराने पुत्र झाल्यास विठ्ठलास सोन्याचा कमरपट्टा अर्पण करण्याचा नवस केला. नवस फळास आला आणि तो नरहरींकडे आला. नरहरींनी काम पत्करले; पण मंदिरात येण्याचे नाकारले. सावकाराने मूर्तीचे माप आणून द्यावे, असे ठरले. त्या मापाप्रमाणे पट्टा सिद्ध झाला आणि देवास घालू जाता आखूड भरला. वाढवून दिला, तो सैल झाला. आयुष्यात ज्याचे माप चुकले नाही, त्या कारागिराची ही मोठीच नामुष्की होती.

अखेर नरहरी डोळ्यांस पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले. मूर्तीची कंबर हातांनी चाचपू लागले, तो हातास पंचमुखे, सर्पभूषणे, व्याघ्रांबर अशी शंकराची चिन्हे लागली. आनंदाने पट्टी सोडली, तर समोर विटेवरचा विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. तेव्हा त्यांना उमगले की दैवत एकच आहे. दुजाभाव आपल्याच डोळ्यांवरील पट्टीत होता. त्यानंतर कमरपट्टा विठ्ठलाच्या कमरेस बरोबर बसला.

आम्हास या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. नरहरींचे सोने खोटे नव्हते, हातही चुकला नव्हता. चूक होती ती स्वतः न पाहता दुसऱ्याने आणलेल्या मापावर विसंबण्याची. आपणही शेजाऱ्याच्या देवाविषयी, आचाराविषयी, भाषेविषयी अशीच ऐकीव मापे घेऊन बसतो आणि मग जुळत नाही म्हणून दोष समोरच्यास देतो.

विठ्ठलाची भक्ती स्वीकारल्यावर नरहरींनी शिवाची पूजा सोडली नाही. आणि ऐरणही सोडली नाही. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात ते देहाला सोनाराची शेगडी, नामाला सोने, विवेकाला हातोडा आणि ज्ञानाला तराजू कल्पितात. ज्या अवजारांनी पोट भरावयाचे त्यांनीच ईश्वराची सेवा करावयाची, हा त्यांचा मार्ग. आपल्याच बिदर जिल्ह्यातील कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि शरणांनी कायकाची, श्रमाच्या पूज्यतेची, शिकवण दिली होती. भाषा वेगळी, उपास्याचे नाव वेगळे; पण हातातील कामाविषयीचा आदर तोच.

परंपरेनुसार शके १२३५, म्हणजे इ. स. १३१४ मध्ये, माघ वद्य तृतीयेस नरहरींनी देह ठेवला. पंढरपुरात महाद्वाराजवळ त्यांची समाधी आहे. वारीस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तेथे अवश्य थांबावे.

आपल्या गावांत मराठी आणि कानडी, शैव आणि वैष्णव घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एकाच्या अंगणातील दिंडीस दुसऱ्याने पाणी द्यावे, ही येथील जुनी रीत. ती टिकवावयाची असेल, तर येत्या माघ वद्य तृतीयेस नरहरींचे नाव घेताना प्रत्येकाने आपल्या डोळ्यांवर हात फिरवून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.