नऊवारी नेसून बर्फाच्या मुलखात गेलेली पोर : डॉ. आनंदीबाई जोशी यांची जीवनकहाणी

लोणी काळभोर : आज हवेली, दौंड, पुरंदरच्या गावांतली पोरं शिकायला, नोकरीला थंड देशांत जायला लागली आहेत. कुणी कॅनडाला जातं, कुणी जर्मनीला, तर कुणी डॉक्टरकीसाठी रशियाच्या बाजूला. जायच्या आधी घरात एकच लगबग असते. जाड जॅकेट घ्या, थर्मल घ्या, लोकरीचे मोजे घ्या, डब्यात चटणी-लोणचं भरा. तिथं पोचल्यावर रोज व्हिडिओ कॉल आहेच. पण 140 वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. तेव्हा एक 18 वर्षांची मराठी मुलगी एकटी बोटीत बसली आणि दोन महिन्यांनी अमेरिकेत उतरली. डॉक्टर होऊन परत यायचं, एवढं एकच तिनं ठरवलं होतं. ती डॉक्टर झाली, परतही आली. पण तिथली थंडी आणि छातीतलं दुखणं तिला पुरून उरलं. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणचं, घराणं जुनं, पण पुढं परिस्थिती ओढगस्तीची झालेली. 1874 साली, वयाच्या नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी. पोस्टात कारकून, बिजवर आणि वयानं तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली.

गोपाळराव माणूस वेगळाच होता. त्या काळी बायको शिकली तर घर बुडतं असं लोक मानत. गोपाळरावांनी मात्र लग्न ठरवतानाच अट घातली होती की मुलीला शिकवू द्यायचं. त्यांनी तिला शिकवलं खरं, पण ते शिकवणं प्रेमाचं कमी आणि हट्टाचं जास्त होतं. अभ्यास सोडून चुलीजवळ बसलेली दिसली की तिला मार पडायचा. इतर घरांत बाईला मार पडे तो स्वयंपाक बिघडला म्हणून, या घरात अभ्यास चुकला म्हणून. पुढं अमेरिकेतून नवऱ्याला पत्रं लिहिताना आनंदीबाईंनी या जुन्या गोष्टी स्पष्ट काढल्या. त्या विसरल्या नव्हत्या. पण याच माणसामुळं आपण शिकलो, हेही त्यांनी कधी नाकारलं नाही.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. बाळाला वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्या काळी बाळंतपण म्हणजे सुईण आणि नशीब. पुरुष डॉक्टर असला तरी त्याला अंगाला हात लावू द्यायचा नाही, दुखणं सांगायचं नाही, अशी रीत होती. बाई डॉक्टर तर औषधालाही सापडत नसे. कितीतरी बाया नुसत्या लाजेपायी दगावत.

आनंदीबाईंच्या मनात डॉक्टर व्हायचं बी इथं पडलं.

गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी होत राहिली. कोल्हापूरला असताना 1878 साली त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का, असं विचारलं. उत्तर आलं ते धर्म बदलण्याचं. जोशी नवरा-बायको त्याला तयार झाले नाहीत. गोष्ट तिथंच संपायची, पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई 1880 साली दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्या होत्या. तिथं पडलेलं ते मासिक त्यांनी सहज चाळलं आणि पत्र वाचलं. कुठली कोण मुलगी, पण बाईंच्या मनाला लागलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रापत्री वाढत गेली आणि कार्पेंटर बाईंची मावशी झाली.

गावकीचा विरोध

तेव्हा समुद्र ओलांडला की माणूस बाटला असं समजत. त्यात बाई, तीही एकटी. कलकत्त्याकडं असताना नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालली तरी लोक टोमणे मारत. एकीकडं जातीतले लोक नावं ठेवत होते, दुसरीकडं मिशनरी म्हणत होते आधी ख्रिस्ती हो.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. वय 17, समोर सगळी मोठी माणसं. अमेरिकेला का जायचं, हे त्यांनी मुद्देसूद सांगितलं. या देशात हिंदू बाई डॉक्टरची गरज आहे, इथं राहून तसं शिक्षण मिळत नाही, आणि मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असा त्याचा सारांश. त्या भाषणाची बातमी देशभर गेली आणि मदत यायला लागली. व्हाइसरॉयनं 200 रुपये दिले.

तब्येत मात्र तेव्हाच नरम होती. डोकं दुखणं, ताप, धाप लागणं चालूच होतं. कार्पेंटर मावशी अमेरिकेतून औषधं पाठवत होत्या, पण गुण येत नव्हता. म्हणजे ही पोर थंड मुलखात निघाली ती आधीच अशक्त होऊन.

दोन महिने पाण्यावर

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. गोपाळरावांकडं दोघांच्या भाड्याचे पैसे नव्हते. त्यांनी बायकोला एकटीला पुढं पाठवलं. सोबतीला मिशनरी ओळखीच्या बायका होत्या, पण त्यांचा आधार फारसा झाला नाही. आनंदीबाई शाकाहारी, त्यामुळं बोटीवर खाण्यापिण्याचे हाल. 4 जून 1883 रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या.

रोझेलमधले पहिले महिने सुखाचे गेले. दिवस उन्हाळ्याचे, घर मायेचं. पुढं पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. 1850 साली सुरू झालेलं हे कॉलेज खास बायकांसाठी होतं. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली बाईंनी प्रवेशाबरोबर तीन वर्षांची शिष्यवृत्तीही दिली. 1883 च्या ऑक्टोबरात आनंदीबाई फिलाडेल्फियात राहायला गेल्या. थंडीही तेव्हाच सुरू होत होती.

धूर सोसायचा की गारठा

आपल्याकडं पौषात पारा 8-10 अंशांवर आला की शेकोट्या पेटतात, द्राक्षवाल्यांची झोप उडते. फिलाडेल्फियात जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्याही खाली जातो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बर्फ पडतो, रस्ते निसरडे होतात. तिथली माणसं त्याच हवेत वाढलेली. घरं बंदिस्त, आत कोळशाची शेगडी, अंगावर लोकरीचे कपडे, खाण्यात मांस-अंडी.

आनंदीबाईंच्या वाट्याला जी राहायची जागा आली, तिथली शेगडी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. दोन्हीपैकी एक निवडायचं. आधीच छाती नाजूक, त्यात रोज एकतर धूर नाहीतर थंडी. शिवाय दिवसभर कॉलेज आणि रात्री अभ्यास.

कपड्यांचाही प्रश्न आला. अंगात नऊवारी लुगडं. आपल्या हवेत ते सोयीचं, पण त्यात कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत हे कसं चालायचं? गोपाळरावांचं म्हणणं, वेश बदलायचा नाही. मेमसाहेबांचे झगे घालायचे नाहीत, असं आनंदीबाईंनीही ठरवलेलं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. त्यात अंग घोट्यापर्यंत झाकतं आणि आत परकरही घालता येतो. हा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला आणि नवऱ्याला लगेच कळवलाही नाही. ज्या बाईला लहानपणापासून सगळं विचारून करायची सवय, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

खाण्याच्या बाबतीत मात्र त्या हटल्या नाहीत. मांसाहार केला नाही. परमुलखात डाळ-भाकरीची सोय नाही, भाजीपाला हिवाळ्यात कमी, त्यामुळं पोटाची आबाळ झाली. एका वाफ्यातलं रोप उपटून दुसऱ्या रानात लावलं की ते काही दिवस मान टाकतं. पाणी आणि खत नीट मिळालं तर पुन्हा उभं राहतं. आनंदीबाईंना मावशींची माया मिळाली, बॉडली बाईंचा आधार मिळाला. पण शरीराला लागणारी ऊब आणि अन्न, या दोन गोष्टी कमी पडल्या.

हळूहळू ताप यायला लागला. अधूनमधून शुद्ध हरपायची. खोकला तर गेलाच नाही.

तीन देशांच्या तीन मुली

अशा अवस्थेतही अभ्यास सुटला नाही. 10 ऑक्टोबर 1885 चा एक फोटो आजही मोबाइलवर शोधला तर सापडतो. त्यात तीन मुली आपापल्या देशाच्या वेशात आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजात शिकल्या, पुढं तिघीही डॉक्टर झाल्या.

1885 साली गोपाळरावही अमेरिकेत पोचले. बायको आता त्यांच्याहून जास्त शिकलेली, चारचौघांत मान असलेली. हे त्यांना पचवायला जड गेलं. त्यांच्या तिरकस बोलण्याचा तिथल्या लोकांनाही त्रास झाला. आजारपणात नवरा जवळ आला, पण जिवाला निवांतपणा मिळाला असं काही झालं नाही.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. वय 20. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला होता तो हिंदूंमधल्या बाळंतपणाच्या शास्त्राचा. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं दुसरा कुठला विषय घ्यावा? पदवीच्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. खुद्द राणी व्हिक्टोरियाचा अभिनंदनाचा निरोप आला. कोल्हापूर संस्थाननं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली आणि ती त्यांनी स्वीकारली. हेच हॉस्पिटल आज सीपीआर म्हणून ओळखलं जातं.

परतीची वाट

ऑक्टोबर 1886 मध्ये त्या परत निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. जे लोक जाताना नावं ठेवत होते, त्यांच्यातलेच कित्येक आता स्वागताला होते. पण बोटीतून उतरलेली डॉक्टरीणबाई हाडांचा सापळा झाली होती. दुखणं क्षयाचं होतं.

क्षय म्हणजे टीबी. थंडीनं टीबी होत नाही, तो जंतूमुळं होतो. कोंदट खोली, अपुरं खाणं आणि थकलेलं शरीर असलं की तो अंगात जोर धरतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं 1882 सालीच हा जंतू दाखवून दिला होता. पण त्यावर लागू पडणारं पहिलं औषध निघायला 1940 चं दशक उजाडावं लागलं. आपल्या शेजारच्या थेऊरला चिंतामणीच्या देवळापाशी थोरल्या माधवराव पेशव्यांनी 1772 साली याच रोगानं प्राण सोडला. तेव्हा त्यांचं वय 27. पेशवा असो की डॉक्टर, तेव्हा क्षयापुढं कुणाचं चालत नव्हतं.

पुण्यात उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाईंचं निधन झालं. 22 वर्षं पूर्ण व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही. ज्यासाठी एवढं सोसलं, ते एकही बाळंतपण त्यांच्या हातून आपल्या मातीत झालं नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडं पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर घराण्याच्या स्मशानभूमीत त्या ठेवल्या आहेत. तिथं त्यांच्या नावाचा दगड आहे. ज्या बर्फाच्या मुलखानं तब्येत नेली, तिथल्याच एका घरानं त्यांना लेक मानून जागा दिली.

मागं काय राहिलं

आनंदीबाई गेल्या, पण वाट मोडली नाही. त्याच कॉलेजातून 1892 साली गुरुबाई करमरकर डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी मुंबईत रुग्णसेवा केली. रखमाबाई लंडनला शिकून 1894 साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. पुढं आनंदीबाईंवर श्री. ज. जोशी यांनी आनंदी गोपाळ ही कादंबरी लिहिली, 2019 साली त्याच नावाचा मराठी सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव दिलेलं आहे.

आज लोणी काळभोरच्या रस्त्यानं रोज सकाळी मुली कॉलेजला जाताना दिसतात. त्यातल्या काही उद्या परदेशातही जातील. त्यांच्या आई-बापांनी आनंदीबाईंच्या गोष्टीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, थंड मुलखात पोर पाठवताना फीचा हिशोब करता तसा राहण्याचा आणि खाण्याचाही करा. खोली गरम राहते का, हवा खेळती आहे का, पोटभर खायला मिळतं का, हे आधी विचारा. पोरीनं तिथल्या हवेप्रमाणं कपडे बदलले तर बोल लावू नका. दुसरी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, संध्याकाळी ताप येत असला, वजन उतरत असलं, तर लपवू नका. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि साधारण सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या तर माणूस ठणठणीत बरा होतो. आनंदीबाईंच्या काळात ही गोळी नव्हती. आता ती आपल्या गावातल्या दवाखान्यात आहे.