यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पीक विम्याचा आकडा ज्या पद्धतीवर ठरतो, ती देशभर रुजवणारा सातारचा माणूस

यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. सोयाबीन काढणीला आलंय किंवा कापसाची वेचणी सुरू आहे. एखाद्या दिवशी कृषी सहायक, तलाठी किंवा ग्रामसेवक येतात. सोबत विमा कंपनीचा माणूस, सरपंच, पोलीस पाटील. शेतात चार खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते आणि तेवढ्याच तुकड्यातलं पीक काढून वजन केलं जातं.

याला म्हणतात पीक कापणी प्रयोग.

हे वजन मोबाईलमधल्या ॲपवर भरलं जातं, जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो जोडला जातो आणि माहिती थेट सर्व्हरवर जाते. त्या महसूल मंडळातल्या अशा मोजक्या तुकड्यांच्या सरासरीवर संपूर्ण मंडळातल्या शेतकऱ्यांची विमा भरपाई बऱ्याच अंशी ठरते.

आता प्रश्न असा की, चार खुंट्यांमधल्या पिकावरून हजारो एकरांचा हिशोब कसा काय लावता येतो? याचं उत्तर शोधायला जायचं तर एका मराठी माणसाची गोष्ट माहीत पाहिजे. नाव, पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मेंचा जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून 1932 ला पदवी घेतली आणि गडी थेट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोहोचला. तेव्हा हे कॉलेज म्हणजे संख्याशास्त्राची पंढरी. रोनाल्ड फिशर, जर्झी नेमन, इगॉन पिअर्सन अशी मोठमोठी माणसं तिथं होती. 1936 ला पीएचडी झाली आणि पुढं 1939 ला डीएस्सी.

1940 मध्ये सुखात्मे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. आज आपण जिला आयसीएआर म्हणतो, ती हीच संस्था.

तेव्हा देशात किती धान्य पिकलं हे कसं ठरायचं माहितीये? डोळ्यांनी बघून. गावचा पाटील-पटवारी शेतं बघायचा आणि पीक किती आणे आलंय ते सांगायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं. क्षेत्र, नेहमीचं उत्पादन आणि हे आणे यांचा गुणाकार केला की झाला सरकारी आकडा. आजही दुष्काळाच्या बातम्यांत जी पैसेवारी ऐकू येते, ती याच आणेवारीची नात.

अडचण अशी की नजर माणसागणिक बदलते. 1943 ला बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. धान्याचा खरा आकडा हाताशी असणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, हे त्या काळात सगळ्यांना कळून चुकलं.

सुखात्मेंनी आग्रह धरला की अंदाज नको, मोजा. आणि कुठं मोजायचं हेही माणसानं ठरवू नये. आधी तालुक्यानुसार विभागणी करायची, मग चिठ्ठी काढावी तशी यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून गावं निवडायची, गावातली शेतं निवडायची आणि शेतातला तुकडाही तसाच ठरवायचा. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत जायचं आणि आकडा सांगेल तिथंच खुंटी ठोकायची. तिथं पीक डौलदार असो नाहीतर वाळलेलं.

अशी कापणी करून बघणारे सुखात्मे पहिले नव्हते. 1920 च्या दशकात हबॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं बिहार-ओरिसात असे प्रयोग केले होते. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस मोठं काम करत होते. पण गावपातळीच्या सरकारी यंत्रणेला हाताशी धरून देशभर चालेल अशी पद्धत बसवली ती सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी. कापसासाठीच्या सुरुवातीच्या पाहण्या तर वऱ्हाडातच, अकोला जिल्ह्यात झाल्या. म्हणजे यवतमाळच्या अगदी शेजारीच.

इथंच एक गाजलेला वाद झाला. महालनोबिस यांच्या पाहण्यांत तुकडे लहान असायचे, काही फूट त्रिज्येचे गोल. काम झटपट व्हायचं. सुखात्मेंनी मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन जास्त दिसतं. 1946 ला हे नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

कारण साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. दोन फूट त्रिज्येच्या गोलात दर चौरस फुटामागे एक फूट कड येते. सुखात्मेंच्या 33 बाय साडेसोळा फुटी तुकड्यात ती पाव फुटापेक्षाही कमी. जेवढी कड जास्त, तेवढी चूक जास्त.

यात यवतमाळच्या शेतकऱ्याचं काय? उदाहरण घेऊ. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि विमा संरक्षण 60 हजारांचं. खरं उत्पादन 8 क्विंटल झालं तर घट 20 टक्के, भरपाई 12 हजार. पण मोजणीत तेच 20 टक्के फुगून 9.6 क्विंटल नोंदवलं गेलं तर घट फक्त 4 टक्के. भरपाई 2,400. दोरीवरच्या काही रोपांनी एका हेक्टरमागे 9,600 रुपये खाल्ले.

आता आजचं तंत्रज्ञान बघा. गूगलचं बिगक्वेरी किंवा ॲमेझॉनचं रेडशिफ्ट ही क्लाऊडवरची डेटाची महाकाय गोदामं. तिथं सतत माहिती पाठवायला प्रोग्रामर क्लायंट लायब्ररी वापरतात, म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड. तो नोंदींचे गठ्ठे करतो आणि नेटवर्क गेलं तर पुन्हा पाठवतो. नोंदीला वेगळा क्रमांक दिलेला असला तर दुबार नोंद ओळखता येते. रकान्यात भलतंच काही आलं तर गोदाम ते नाकारतं. 9.6 हा आकडा मात्र त्याला व्यवस्थितच वाटतो. खुंटी कुठं ठोकली आणि दोरीवरचं रोप कुणी आत घेतलं, हे कुठल्याच लायब्ररीला कळत नाही. ती चाळणी शेतातच लावावी लागते.

1951 ला सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि 1971 पर्यंत तिथल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. तेव्हा जगातली दोन तृतीयांश माणसं भुकेली आहेत असं मानलं जायचं. 1961 ला सुखात्मेंनी हिशोब मांडला की पोटभर न मिळणारे 10 ते 15 टक्के आहेत, आणि सकस अन्न न मिळणारे धरले तर हा आकडा निम्म्या जगापर्यंत जातो. जगातल्या उपासमारीचा जो आकडा ही संघटना आजही काढते, त्याची मुळं या कामात आहेत. 1971 ला त्यांना पद्मभूषण मिळालं.

पुण्यात परतल्यावरही वाद थांबले नाहीत. माणसाची उष्मांकाची गरज रोज बदलते, त्यामुळे एकच सरासरी लावून कुपोषित मोजले तर आकडा फुगतो, असं सुखात्मेंचं म्हणणं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. यानं गरिबी आहे त्याहून कमी दिसेल, असा टीकाकारांचा आक्षेप होता. तो वाद अभ्यासकांत पुढंही चालू राहिला.

1997 मध्ये सुखात्मे गेले. पण यंदाही यवतमाळच्या एखाद्या शेतात दोरी ताणली जाईल. तेव्हा शेतकऱ्यानं बांधावरून दोन गोष्टी जरूर बघाव्यात. तुकडा आकड्यानं निवडलाय की सोयीनं, आणि दोरीवरचं रोप नेमकं कुठं जातंय.