प्रकाशाचे उपासक : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु 'राजा हरिश्चंद्र'च्या कितीतरी आधीपासून हा माणूस फोटोग्राफीत धडपडत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे, संस्कृत विद्वानाच्या घरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. तेथे चित्रकलेच्या जोडीने त्यांनी फोटोग्राफी आत्मसात केली.

त्या काळच्या स्टुडिओची सारी भिस्त सूर्यावर असे. काचेच्या छतातून येणारा उत्तरेचा शांत उजेड पडदे सरकवून कमीअधिक करावयाचा, चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला पांढरे कापड धरून सावली मऊ करावयाची. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. तिरप्या उन्हात भिंतींवरील मूर्तींचे अवयव उठून दिसतात. ढगाळ दिवशी त्याच मूर्ती सपाट भासतात. माणसाच्या चेहऱ्याचेही तसेच आहे.

दुसरे कसब रिटचिंगचे. जुन्या काचांना तांबडा रंग नीट दिसत नसे, त्यामुळे चेहऱ्यावरचे तांबूस डाग छायाचित्रात काळे उमटत. निगेटिव्हवर ते डाग पारदर्शक दिसत; तेथे टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की छापात ते उजळत. हात जरा जड पडला, तर माणूस मातीच्या बाहुल्यासारखा दिसे!

हे कसब घेऊन फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे बडोद्यात, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व आयुष्य घटवितो, अशी आवई उठली आणि तोही धंदा बुडाला. तेव्हा त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, नंतर छापखाना काढला. एक दार बंद झाले की ते दुसरे ठोठावीत. विद्या मात्र तीच राहिली.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. अहोरात्र चित्रपट पाहून, झोप मोडून त्यांची दृष्टीच जाण्याची वेळ आली. ज्याचा सारा संसार प्रकाशावर चालावयाचा, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार! उपचारांनी दृष्टी परतली आणि १९१२ साली त्यांनी थेट लंडन गाठले.

परत आल्यावर दादरला उघड्या उन्हातच चित्रण झाले. पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश परतवीत, रसायने कालवीत, फिल्मला भोके पाडीत. स्टुडिओतले ते पांढरे कापड येथे पुन्हा कामास आले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

पुढे बोलपट आले, दादासाहेब मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

बुडालेल्या धंद्यात शिकलेली विद्या बुडत नाही, हे या चरित्राचे सार होय. परीक्षेतील गुणांपलीकडे काही शिकू पाहणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना याहून मोठा दिलासा तो कोणता?