सोनं ठेवलं तर जेल होती, तेव्हा या बँकवाल्याने अमेरिकेची सगळी सोन्याची नाणी जमवली

जुनं नाणं सापडलं की आपण पहिलं काम काय करतो? चिंच लावून लख्ख घासतो. आणि तिथंच त्याची किंमत घालवून बसतो. कारण नाणं जितकं कमी हाताळलेलं, तितकं महाग. हा हिशोब ज्यांना पक्का कळला होता, त्या लुईस एलियासबर्ग यांची ही गोष्ट.

एलियासबर्ग यांचा जन्म १८९६ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांनी फायनान्सच्या धंद्यात जम बसवला. १९२५ च्या आसपास त्यांना नाण्यांचा नाद लागला. तेव्हा तो निव्वळ छंद होता.

मग आलं १९३३. महामंदीत बँका बुडत होत्या. ५ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, की लोकांनी आपल्याकडचं सोनं सरकारजमा करायचं. हुकूम मोडला तर १० हजार डॉलर दंड किंवा १० वर्षं जेल.

पण हुकमात एक सवलत होती. संग्राहकांसाठी खास मोल असलेली दुर्मिळ नाणी ठेवता येणार होती. पैशाच्या धंद्यातल्या एलियासबर्ग यांनी हे बरोबर हेरलं. कायदा न मोडता सोनं बाळगायचं तर दुर्मिळ नाणी घ्यायची. आता छंदाला हिशोबाची जोड मिळाली.

अडचण एकच होती. १९ व्या शतकातली सोन्याची नाणी उरलीच होती किती?

१८२२ चं पाच डॉलरचं नाणं घ्या. टांकसाळीच्या नोंदीत त्या वर्षी अशी १७,७९६ नाणी पाडल्याचं आहे. पण पुढे नाण्यातल्या सोन्याचा भाव पाच डॉलरच्या वर गेला. मग काय, लोकांनी नाणी वितळवली. आज त्यातली फक्त तीन माहीत आहेत. ज्या नाण्यांची भट्टी टळली, ती बाजारात फिरून झिजली. त्यामुळे जुनं आणि वर कोरं करकरीत नाणं मिळणं म्हणजे नशीबच.

एलियासबर्ग यांना हे नशीब घाऊक मिळालं. जॉन क्लॅप नावाचे एक संग्राहक १८९३ पासून थेट टांकसाळींकडून नवी नाणी मागवायचे. सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स अशा टांकसाळींची खूण असलेली नाणी वेगवेगळी जमवावीत, हे तेव्हा फार कुणाच्या डोक्यात नव्हतं. बाजाराचा हात न लागलेली ती नाणी क्लॅप बाप-लेकांनी जपून ठेवली. १९४२ मध्ये एलियासबर्ग यांनी तो अख्खा संग्रह एक लाख डॉलरला उचलला.

उरलेल्या जागा ते एकेक करून भरत गेले. १८७० चं सॅन फ्रान्सिस्कोचं तीन डॉलरचं नाणं, ज्याचा एकच नमुना माहीत आहे, तेही त्यांनी मिळवलं. १९५० मध्ये चांदीचं शेवटचं नाणं हाती आलं आणि प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं अमेरिकन नाणं त्यांच्याकडे जमा झालं. हे कुणालाच जमलं नव्हतं. १९५३ मध्ये लाइफ मासिकाने त्यावर लेख छापला आणि एलियासबर्ग देशभर माहीत झाले.

पण या माणसाची खरी परीक्षा वेगळ्याच नाण्याने घेतली. १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं टांकसाळीने पाडलं, पण चलनात आणलंच नाही. सगळी वितळवायची होती, तरी काही बाहेर पडली. त्यातलं एक एलियासबर्ग यांच्याकडे होतं. सरकारने ही नाणी चोरीची ठरवली, तेव्हा काही मालक भांडत बसले. एलियासबर्ग यांनी मात्र आपलं नाणं स्वतःहून परत केलं. कायद्याच्या सवलतीवर उभा केलेला संग्रह त्यांनी कायद्यातच ठेवला.

१९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. १९८२ मध्ये सोन्याच्या नाण्यांचा लिलाव झाला, तेव्हा १८२२ चं ते नाणं ६ लाख ८७ हजार ५०० डॉलरला गेलं. एकमेव असलेल्या तीन डॉलरच्या नाण्यालाही बरोबर तेवढीच बोली लागली. पुढे २०२१ मध्ये १८२२ चं तेच नाणं ८४ लाख डॉलरला विकलं गेलं.

पाच डॉलरचं नाणं ८४ लाखाला. का, तर दोनशे वर्षांत ते कुणी वितळवलं नाही म्हणून.

त्यामुळे घरात जुनं नाणं सापडलं, तर तेवढी चिंच आमटीतच टाका.